आडवी

चौदा वर्षं झाली, देशीच्या दुकानासमोर
माहा गाडा उभा हाय.
उकडेल अंडे, फुटाणे, कांदा, मीठ-तिखट.
नदीपलीकडचा जिल्हा कोरडा,
म्हणून सांजच्याले डोंगे भरून गिऱ्हाईक येते
अन् आठच्या आत गंज रिकामा.

माह्या घरच्यानं कधी थेंब नाई घेतला.
त्याले तुरीच्या वावरात साप चावला.
हे आधीच सांगून ठेवते,
माह्या रडण्याची वाट पाहू नका.

गावात मतदान लागलं, फक्त बायांचं.
उभी बाटली का आडवी बाटली.
यादीत आठशे बारा जणी,
चारशे सात आडव्या पाहिजेत.
जे आली नाई ते उभी.
लग्न होऊन परगावी गेली ते उभी.
अन् एकवीस मेलेल्या, नाव कटलं नाई म्हणून
त्याही उभ्या.
मसणात आडव्या पडेल बाया
कायद्यानं उभ्या धरल्या.

आदल्या राती दुकानाचा माणूस आला.
लुगडं आणलं नाई, पैसे काढले नाई, फक्त म्हणाला,
"कौतिका, तुह्या पोट्टीची नर्सिंगची फी
कोणाच्या पायरीवर निघते?"
खोटं नव्हता बोलत.
तो गेला, तं दुर्पता मडावी आली.
तिनं काईच नाई विचारलं.
पाणी पेली, चौकटीले हात लावला, गेली.

हेच दुर्पता रोज गाड्यावर येत जाय.
"आलता का व बाई, आमचा?"
अन् तो दोन पावलांवर, नीलगिरीच्या आड,
माह्याच अंड्याचं टरफल
पायाखाली दाबून बसेल.
"नाई आला व माय," म्या म्हणो.
ते अंधारात पाहे, परत जाय.
मंग तो गाड्यावर दहाची नोट ठेवे.
अंड्याची नाई.
त्या 'नाई'ची.

इतवारी दुकान बंद.
तरी पहाटे हातानं साठ अंडे गंजात टाकले.
पाणी खदखदलं तवा ध्यानात आलं,
अन् चूल इझवली.

शाळेत लाइन फाटकाबाहेर गेलती.
सुलकनबीले नातवांनी खाटेवर उचलून आणलं.
ठेऱ्याची सून अकरा दिवसांची बाळंतीण,
कानाले फडकं बांधून.
एवढ्या बाया खासदाराले नाई आल्या,
सरपंचालेही नाई.
मी लागली तं माह्या पुढं-मागं
एक-एक हात जागा मोकळी झाली.

मास्तरनं बोटाले शाई लावली, कागद देला.
खोक्याच्या आडोशाले उघडला.
दोन बाटल्या.
आयुष्यात हजारो पाह्यल्या असतील,
इतकी स्वच्छ एकही नाई.
हाताले लसणाच्या तिखटाचा वास,
हातात शिक्का.
फी दिसली. गंज दिसला.
नीलगिरीचं खोड दिसलं, लय येळ.
बाहेरून मास्तर म्हणाला, "बाई, झालं का?"
अन् सवयीनं तोंडातून निघालं,
"नाई."

मंग मारला.
आडवीवर.

सांजच्याले मोजणी. चारशे अकरा.
पटांगणात बाया फुगड्या खेळल्या,
घागरी वाजवल्या,
दुर्पता खाली बसून नुसतीच माती चिवडत होती.
मले कोणी बोलावलं नाई.
दुकानाच्या माणसानं जाता जाता
खांद्यावर हात ठेवला, हळूच म्हणे,
"तुह्यं मत वाया गेलं, कौतिका."
म्या मान हलवली.
आणखी काय करू?

उद्या काय इकू, ठाव नाई.
पोट्टीले फोन लावला, फीचं नाई सांगतलं.
अंधारात ओसरीवर बसून
एक अंडं सोललं,
शाईच्या बोटानं मीठ लावलं.
चौदा वर्षांत माह्या गाड्यावरचं
हे पहिलं अंडं म्या खाल्लं.

आतून कच्चं होतं.